तिन्ही राउंड हरलेला पोरगा परत यावा म्हणून: नागपुरातल्या दुकानात कार्ड-गेमची संध्याकाळ कशी उभी करायची

धरमपेठेतल्या एका खेळण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही पहिल्यांदा मॅजिक, पोकेमॉनसारख्या कार्ड-गेमची टेबलं मांडली, तेव्हा अकरा जण आले होते. पुढच्या शनिवारी सात आले. तिसऱ्या शनिवारी चारच, आणि ते चौघं आधीपासूनचे दोस्त. ते कुणाच्याही घरी बसून खेळले असते. वही उघडून नावं पाहिली तेव्हा उलगडा झाला. आम्ही नॉकआउट ठेवलं होतं. गळालेल्या सात जणांपैकी पाच जण पहिलीच मॅच हरून पाऊण तासात घरी गेले होते, आणि बक्षिसाचे सगळे पॅक (कार्डांची सीलबंद पाकिटं) पहिल्या दोघांत वाटले गेले होते.

तेव्हापासून मी प्रत्येक निर्णय एकाच प्रश्नावर घासून बघतो: आज सगळ्यात खाली राहिलेला खेळाडू पुढच्या शनिवारी परत येईल का? वेळ, टेबलं, फी, बक्षीस, नियम, सगळं त्यावरून ठरतं. आपल्या शहरात असा अड्डा सुरू करू पाहणारा दुकानदार असो की कॉलेजातला उत्साही पोरगा, खाली लिहिलेलं त्याच्यासाठी आहे.

कंपन्यांचे कार्यक्रम म्हणजे काय

मॅजिक: द गॅदरिंग हा आपली कार्डं जमवून त्यांचा गठ्ठा, म्हणजे डेक, बांधून खेळायचा, रिचर्ड गारफिल्डने रचलेला खेळ १९९३ साली आला आणि त्याच वर्षी त्याच्या स्पर्धांसाठी वेगळी संघटनाही उभी राहिली. नुसती कार्डं विकून भागणार नाही, ती खेळायला माणसं आणि जागा लागणार, हे तो काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीला लवकर कळलं होतं. २००० साली ‘फ्रायडे नाइट मॅजिक’ सुरू झालं: दर शुक्रवारी जवळच्या दुकानात जा, खेळा, प्रोमो (खास बक्षिसाचं) कार्ड मिळवा. आज विझार्ड्सचं दुकानांसाठीचं जाळं ‘विझार्ड्स प्ले नेटवर्क’ या नावाने चालतं. पोकेमॉनसाठी ‘प्ले! पोकेमॉन’ आहे, गोष्ट रचत खेळायच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्ससाठी ‘अ‍ॅडव्हेंचरर्स लीग’.

या जाळ्यात आलं की दुकानाला प्रोमो कार्डं मिळतात, नवा सेट बाजारात येण्याआधीचा ‘प्रीरिलीज’ भरवता येतो आणि निकाल कंपनीच्या प्रणालीत नोंदले जातात. त्यासाठी खरं, रस्त्यावरून आत येता येईल असं दुकान लागतं. घरून किंवा फक्त ऑनलाइन माल विकणाऱ्याला हे मिळत नाही. म्हणून गुमास्ता, जीएसटीची कागदपत्रं, दुकानाचे आतून-बाहेरून फोटो आणि बसायच्या जागेचे फोटो आधीच एका फोल्डरमध्ये जमवून ठेवा.

पण मंजुरीची वाट पाहत हातावर हात धरून बसू नका. पहिले सहा महिने अनौपचारिक संध्याकाळी भरवा. दर आठवड्याची तारीख, आलेल्यांची नावं, काय खेळलं, कोण परत आलं, हे वहीत लिहा. अर्ज करायची वेळ येईल तेव्हा तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, हे काम आपल्याला झेपतं की नाही ते तुम्हालाच कळलेलं असेल.

“पत्ते खेळून राहिले का इथे?”

हा प्रश्न पहिल्या महिन्यात येणारच. शेजारचा दुकानदार विचारेल, पोराला घ्यायला आलेली आजी विचारेल. चिडू नका. आपल्याकडे पत्ते म्हटलं की तीन पत्ती आठवते, त्यात त्यांची चूक नाही.

उत्तर कृतीतून द्या. टेबलावर रोख रक्कम कधीच दिसू नये; फी काउंटरवर, पावतीसह घ्यायची. बक्षीस म्हणून पैसे नाहीत. पॅक, प्रोमो किंवा दुकानातल्या खरेदीवर सूट. खेळाडूंनी आपसात कसलीही पैज लावायची नाही, अगदी कोल्ड्रिंकचीसुद्धा नाही. राज्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा नुसत्या कौशल्याच्या खेळांना वगळतो खरा, पण आपल्या खेळात कौशल्यासोबत नशीबही असतं. त्या वादात पडायची पाळीच येऊ नये असं वागणं शहाणपणाचं. मॅजिकच्या सुरुवातीच्या काळात ‘अँटे’ नावाचा नियम होता: दोघांनी आपापल्या डेकमधलं एकेक कार्ड बाजूला ठेवायचं आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायची. तो नियम कधीच मागे पडला आणि त्यावर आधारलेली कार्डं स्पर्धेत चालत नाहीत. पालकांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. आणि त्यांना अर्धा तास बसून बघायला सांगतो. पोरगं इंग्रजी मजकूर वाचतंय, बेरीज-वजाबाकी करतंय, समोरच्याशी हात मिळवतंय, हे दिसलं की पुढे बोलायची गरज उरत नाही.

जागा आणि टेबलं

प्लेमॅट, म्हणजे कार्डं मांडायची चटई, साधारण २४ इंच लांब आणि १४ इंच रुंद असतो. समोरासमोर दोन मॅट म्हणजे २८ इंच. केटरिंगवाल्याकडे मिळणारं दोन फुटी टेबल त्याला अपुरं पडतं, मॅट कडेवरून लोंबकळतात आणि कार्डं खाली पडतात. अडीच फूट रुंद आणि सहा फूट लांब टेबल घ्या. त्यावर तीन मॅच बसतील असं गणित सांगतं, पण दोनच बसवा. डेक, फासे, पाण्याची बाटली आणि कोपर यांना जागा लागते. बारा खेळाडूंना तीन टेबलं झाली. दोन खुर्च्यांच्या पाठींमधून एक माणूस सहज जाईल एवढी वाट सोडा, नाहीतर जज, म्हणजे पंच, बोलावला तरी त्याला पोचता येत नाही.

नागपुरात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना कूलरशिवाय कुणी बसणार नाही, आणि कूलर म्हणजे ओली हवा. फॉइल कार्डाला एका बाजूला चकाकणारा थर असतो, खाली कागद; कागद ओल पितो, थर पीत नाही, आणि कार्ड पापडासारखं वळतं. वळलेलं कार्ड डेकमध्ये न बघता ओळखू येतं, म्हणून पुढे त्यावरून भांडणंही होतात. कूलरचं तोंड टेबलांकडे न ठेवता भिंतीकडे तिरकं वळवा, खिडकी उघडी ठेवा, आणि विक्रीचे सीलबंद बॉक्स कूलरच्या खोलीत न ठेवता झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पावसाळ्यात तर हे चोवीस तास पाळावं लागतं.

आणि तर्री पोहे! त्यांच्याशिवाय शनिवार पुरा होत नाही, पण तर्रीचं बोट लागलेलं कार्ड कायमचं गेलं. खाणं टेबलावर नाही, वेगळ्या कोपऱ्यात. बाजूला हात धुवायला पाणी आणि कोरडा नॅपकिन. हा नियम पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सारखा, दुकानाच्या मालकालाही.

वार आणि वेळ

शुक्रवार कंपनीला आवडतो, नागपूरला जमत नाही. शाळकरी पोरांच्या ट्यूशन रात्री साडेसात-आठपर्यंत चालतात. आमच्याकडे शनिवार संध्याकाळ मोठ्यांची आणि रविवार सकाळ लहानांची, असं बसलं. धरमपेठेसारख्या भागात मेट्रोच्या अ‍ॅक्वा मार्गावरून येणं सोपं आहे. एलएडी चौक, शंकरनगर चौक जवळ पडतात. वर्धा रोडकडून येणाऱ्यांना सीताबर्डीला गाडी बदलावी लागते, म्हणून सुटायची वेळ शेवटच्या मेट्रोच्या बरीच आधी ठेवा.

आमची शनिवारची वेळ अशी चालते. साडेचारला दार उघडतं. पाचला नावनोंदणी बंद, आणि बंद म्हणजे बंद. ५:१० ला पहिला राउंड, पन्नास मिनिटांचा. ६:१५ ला दुसरा. ७:१० ते ७:३० पोहे. ७:३० ला तिसरा, आणि पावणेनऊच्या आत सगळे खाली. उशिरा येणाऱ्या एका मित्रासाठी अकरा जणांना थांबवायचा मोह होतो. तो टाळा. ज्याला आईने साडेआठला बोलावलंय तो पोरगा तिसरा राउंड अर्धवट सोडून जाईल आणि पुढच्या वेळी त्याला परवानगी मिळणार नाही.

वर्षाचं कॅलेंडर जानेवारीतच भिंतीवर लावा. फेब्रुवारी-मार्चात बोर्डाच्या परीक्षा, तेव्हा फक्त मोठ्यांची टेबलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत; महाल-इतवारीकडून कुणी येऊ शकत नाही आणि लहान पोरं लाकडी बैल घेऊन फिरत असतात, त्या दिवशी काही ठेवू नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास दीक्षाभूमीकडचे रस्ते भरलेले असतात. हिवाळी अधिवेशनात बर्डी-सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड असतात. तारीख आयत्या वेळी बदलण्यापेक्षा महिनाभर आधी सुट्टी जाहीर केलेली बरी.

कोणता खेळ

एकाच खेळाने सुरुवात करा. गर्दी जमेल म्हणून मॅजिक, पोकेमॉन, यु-गि-ओ, वन पीस सगळं एका संध्याकाळी मांडलं, तर प्रत्येकाचे तीन-तीन खेळाडू येतात आणि एकही स्पर्धा होत नाही.

लहानांसाठी पोकेमॉन. साठ कार्डांचा डेक, सहा प्राइझ कार्डं (समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की उचलायची), एकाच गेमची अर्ध्या तासाची मॅच, नवख्याला झेपतं. ‘बॅटल अकॅडमी’ नावाच्या बॉक्समध्ये तीन तयार डेक आणि शिकवायचा बोर्ड मिळतो, तो दुकानात उघडून ठेवा.

मोठ्यांसाठी मॅजिक, आणि त्यात मी दोनच प्रकार सुचवेन. पहिला ‘पॉपर’: फक्त कॉमन, म्हणजे सर्रास मिळणारी, कार्डं वापरायची, त्यामुळे कॉलेजच्या पोराच्या खिशाला परवडतं. दुसरा ‘कमांडर’: शंभर कार्डांचा डेक, बेसिक लँड (जमिनीची साधी कार्डं) सोडून प्रत्येक कार्ड एकच, चौघं एका टेबलावर, प्रत्येकी सुरुवातीला चाळीस लाइफ (जीवाचे गुण). कमांडरला राउंड-पॉइंट लावू नका, ते गप्पांचं टेबल आहे. महिन्यातून एकदा आठ जण जमले तर ड्राफ्ट करा: प्रत्येकी तीन पॅक, एक कार्ड उचलायचं आणि बाकीची शेजाऱ्याला द्यायची, पहिला पॅक डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा पुन्हा डावीकडे. मग चाळीस कार्डांचा डेक बांधायचा. ड्राफ्टला घरून डेक आणावा लागत नाही, म्हणून नवखा आणि जुना खेळाडू एका ओळीवर येतात. खर्च मात्र जास्त, म्हणून महिन्यातून एकदाच.

स्लीव्ह, म्हणजे कार्डाची प्लास्टिकची कव्हरं, मागवताना एक चूक बहुतेक नवे दुकानदार करतात. मॅजिक आणि पोकेमॉनचं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटर असतं, यु-गि-ओचं ५९ बाय ८६. दोघांना वेगळे स्लीव्ह लागतात; बॉक्सवरचा आकार वाचूनच ऑर्डर द्या.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं टेबल सुरू करायचं असेल तर चार ते सहा खेळाडू, एक डन्जन मास्टर (गोष्ट सांगणारा), तयार पात्रांच्या कागदांचा संच आणि तीन तासांत संपणारी गोष्ट. आणि गोष्ट मराठीत सांगा. खेळाचे शब्द इंग्रजीच राहू देत, पण गुहेतला म्हातारा मराठीत बोलला की गप्प बसणारी पोरंही बोलू लागतात. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

स्विस जोड्या, वहीवर

नॉकआउट विसरा. स्विस पद्धतीत कुणीच बाहेर पडत नाही. सगळे जण सगळे राउंड खेळतात. १८९५ साली झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली म्हणून हे नाव. नागपुरात ही समजावणं फार सोपं आहे, कारण दिव्या देशमुख आणि रौनक साधवानी यांच्या या शहरात निम्म्या पालकांनी कधी ना कधी पोराला बुद्धिबळाच्या स्पर्धेला नेलेलं असतं. दिव्याने २०२५ मध्ये बाटुमीला जिंकलेला महिला विश्वचषक नॉकआउट होता; पण पोरं जिथे घडतात त्या शहरातल्या छोट्या स्पर्धा बहुतेक स्विसच असतात.

कृती अशी. प्रत्येक खेळाडूचं नाव एका चिठ्ठीवर लिहा. पहिल्या राउंडला चिठ्ठ्या पिसून जोड्या लावा. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी १, हार ०. निकाल आणि प्रतिस्पर्ध्याचं नाव त्याच चिठ्ठीवर लिहायचं. दुसऱ्या राउंडला सारखे गुण असलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करा आणि गठ्ठ्यातल्या गठ्ठ्यात जोड्या लावा; एखादी चिठ्ठी उरली तर तिला खालच्या गठ्ठ्यातल्या कुणाशी जोडा. आधी झालेली जोडी पुन्हा नको. संख्या विषम असेल तर सगळ्यात कमी गुणांच्या आणि आधी बाय न मिळालेल्या खेळाडूला बाय द्या, म्हणजे तो न खेळताच जिंकला असं धरा, त्याचे ३ गुण. आठ जणांना तीन राउंड पुरतात, सोळापर्यंत चार, बत्तीसपर्यंत पाच लागतात. साप्ताहिक संध्याकाळी मी बारा-चौदा जण असले तरी तीनच ठेवतो. दोन जण बिनहार राहिले तर दोघंही पहिले.

गुण सारखे झाले तर? प्रत्येकाच्या प्रतिस्पर्ध्यांनी किती टक्के गुण मिळवले त्याची सरासरी काढा. मॅजिकमध्ये कुणाचेही ३३ टक्क्यांहून कमी धरत नाहीत आणि बाय मोजत नाहीत. समजा दोघांचे ९ पैकी ६ गुण झाले. पहिल्याचे तीन प्रतिस्पर्धी ३, ६ आणि ९ गुणांवर थांबले: ३३, ६७, १००, सरासरी ६७. दुसऱ्याचे ०, ३ आणि ६ वर: ३३, ३३, ६७, सरासरी सुमारे ४४. पहिला वर. त्याने कठीण लोकांशी झुंज दिली. हे गणित सगळ्यांसमोर फळ्यावर करा, म्हणजे कुणाच्या मनात शंका राहत नाही.

मॅजिकच्या मोफत कम्पॅनियन अ‍ॅपमध्ये हे सगळं आपोआप होतं. तरीही चिठ्ठ्या शिकून घ्या. उन्हाळ्यात लाइट जाते, वायफाय जातं, चिठ्ठ्या राहतात.

बक्षीस

समजा बारा जण आहेत आणि फीमधून बारा पॅक निघतात. आम्ही पूर्वी आठ आणि चार असे दोघांना देत होतो. आता बाराही जणांना एकेक पॅक, आणि जिंकणाऱ्याला प्रोमो व पुढच्या शनिवारची फी माफ. पॅक कमी निघत असतील तर निम्मे निकालावर आणि निम्मे सगळ्यांच्या नावांच्या सोडतीवर द्या. सोडत तिसरा राउंड संपल्यावर काढायची आणि हजर असलेल्यालाच मिळणार. मग दोन राउंड हरलेलाही थांबतो.

तगडे खेळाडू कुरकुर करतील, आणि त्यांचंही म्हणणं खरं आहे. त्यांनी मेहनत केलेली असते. त्यांच्यासाठी तीन महिन्यांतून एक मोठी स्पर्धा ठेवा, फी जास्त, बक्षीस वरच्या चौघांना.

सोनेरी कार्डं घेऊन आलेला पोरगा

या प्रसंगावर मी सगळ्यात जास्त विचार केला आहे. स्टेशनरीच्या दुकानांत पोकेमॉनची सोनेरी-चंदेरी प्लास्टिकची कार्डं मिळतात. ती नकली असतात. एक दहा-अकरा वर्षांचा पोरगा टिफिनच्या डब्यात तसली सत्तर कार्डं घेऊन आला होता, रबर लावून, आकड्यांप्रमाणे लावलेली. टेबलावरचा एक मोठा मुलगा म्हणाला, “ही डुप्लिकेट आहेत बे.” पोराचा चेहरा उतरला, त्याने डबा बंद केला, म्हणाला, “काका, मी फक्त पाहून राहिलो.”

तेव्हा काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. “या कार्डांनी स्पर्धा खेळता येत नाही” हे एकट्यात, शांतपणे सांगा, आणि त्याच दमात “आज दुकानाचा डेक घेऊन खेळ” म्हणा. त्यासाठी निदान चार उसने डेक कायम तयार हवेत: स्लीव्ह घातलेले, डबीवर नंबर, आत मराठीत लिहिलेला एक कागद, हा डेक कसा जिंकतो ते चार ओळींत. फी घेऊ नका. पहिल्या मॅचला शेजारी बसा. त्याच्या डब्यातली कार्डं बघा आणि कोणता पोकेमॉन आवडतो ते विचारा, कारण ती त्याने जपून लावलेली आहेत. त्या पोराने त्या दिवशी एकही मॅच जिंकली नाही. पुढच्या रविवारी तो धाकट्या बहिणीला घेऊन आला.

नकली ओळखायला शिकवा: मागच्या बाजूचा निळा रंग फिका किंवा जांभळट, अक्षरं जाड, शुद्धलेखनाच्या चुका, खऱ्या कार्डापेक्षा मऊ किंवा जास्त कडक. खरं कार्ड शेजारी धरलं की लगेच कळतं. दुकानदाराने स्वतः नकली माल ठेवू नये, हे लिहायची गरज पडू नये.

अदलाबदलीचा नियमही इथेच लिहून लावा: चौदा वर्षांखालच्या मुलाने मोठ्याशी ट्रेड करायचं तर पालक किंवा आयोजक समोर हवा, आणि दोन्ही कार्डांची बाजारातली किंमत दोघांना फोनवर दाखवायची. लहान पोराचं दामी कार्ड चार चमकत्या कार्डांवर उचलून नेणाऱ्याला मी एकदा परत द्यायला लावलं, आणि महिनाभर येऊ नको म्हणून सांगितलं. एक ग्राहक गेला. चालेल.

जज, घड्याळ, वागणूक

आयोजकाने शक्यतो स्वतः खेळू नये. संख्या विषम असेल तर मात्र बाय देण्यापेक्षा उसना डेक घेऊन बसा, बक्षिसावर हक्क सोडून. मॅजिकमध्ये वेळ संपली की चालू टर्न पुरी करायची, मग दोघांच्या मिळून पाच जादा टर्न, तरी निकाल नाही तर बरोबरी.

चूक झाली की दोघांनी हात वर करायचा, आपसात मिटवायचं नाही. कुणी चुकून एक कार्ड जास्त ओढलं तर आम्ही हातातलं एक न बघता उचलून डेकवर परत ठेवतो आणि खेळ पुढे नेतो. या पातळीवर शिक्षा नाही, शिकवणं. पण तीच चूक एकाच खेळाडूकडून तिसऱ्यांदा झाली तर वहीत नोंद करा आणि त्याला बाजूला घेऊन बोला.

शिवीगाळ पहिल्याच वेळी थांबवा. मुलींची संख्या वाढत नाही अशी तक्रार करणाऱ्या आयोजकाने आधी जिन्यातला दिवा, स्वच्छतागृहाची कडी आणि टेबलावरची भाषा तपासावी. नवीन मुलगी आली की तिला न विचारता चाली सुचवणारे तिघं मागे उभे राहतात. त्यांना खुर्चीवर बसवा. तिला तिची मॅच तिच्या चुकांसह खेळू द्या.

निरोपाचा मेसेज आणि सोमवारचा फोन

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर बुधवारी एकच मेसेज: तारीख, वेळ, खेळ, फी, पत्ता, सुटायची वेळ, आणि शेवटची ओळ “डेक नसला तरी या, दुकानाचा मिळेल.” ग्रुपवर बाकी फॉरवर्ड बंद.

शनिवारी रात्री टेबलं मिटण्याआधी उसने डेक मोजा, साठची साठ कार्डं आहेत ना ते बघा. वहीत निकाल लिहा. ज्याच्या नावापुढे तीन हार आहेत त्याला खूण करा, आणि सोमवारी त्याला एक फोन किंवा मेसेज करा. फक्त जाहिरात नको. त्याच्या खेळातली एक नेमकी गोष्ट सांगा. “दुसऱ्या मॅचला ते कार्ड राखून ठेवलं असतं तर जमत होतं. शनिवारी अर्धा तास आधी ये, दोघं मिळून डेक बघू.” साडेचारला दार उघडायचं ते यासाठीच.